शेततळ्यांना दोर बांधणारे आबा

आबा,

त्या रविवारी सकाळी लेकरं नेहमीसारखी पोहायला विहिरीवर आली होती. तुमच्या छातीत दुखायला लागलं म्हणून पहाटेच तुम्हाला शहरात नेलंय, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी साडेसहाला शहरातून, पुंडलिकनगरहून निघाले, करमाडच्या चौकात थांबून बिस्किटांचे पुडे घेतले आणि साडेसातला तुमच्या बांधावर गाडी लावली. अकरा लेकरं ओळीनं बसली होती. पाठीला तेलाचे रिकामे कॅन बांधलेले, गुडघे पोटाशी घेतलेले, विहिरीच्या कठड्यापासून चांगली पाच-सहा पावलं लांब. यंदा मार्चातही विहिरीला दोन परस, दोन माणसं बुडतील एवढं, पाणी आहे. ऊन अंगाला लागायला लागलं होतं. तरी एकानंही पायरीवर पाय ठेवला नव्हता.

"कधीची बसलात?" मी विचारलं.

"लई वेळ झाला, मॅडम," ओळीतली साक्षी म्हणाली. "आबा आले नाय अजून. आबा आल्याबिगर उतरायचं नाय ना."

तेवढ्यात तुमच्या मुलाचा, संतोषचा फोन आला. "मॅडम, आबा गेले," एवढंच तो म्हणाला, मग पलीकडून नुसता रडण्याचा आवाज. मी फोन पर्समध्ये ठेवला, बाहेर काढला, परत ठेवला. शेवटी म्हणाले, "आज आबा येणार नाहीत. कॅन सोडा, घरी चला." मग एकेकाच्या पाठीवरची गाठ सोडायला बसले. तुम्ही शिकवलेली गाठ, ओढली की आवळते. मला ती सुटेना. साक्षीनं माझा हात बाजूला केला आणि तिनंच सगळ्यांच्या गाठी सोडल्या. सोडता सोडता तिला कळलं असावं.

उद्या तुमचा दहावा. घरात माणसं भरलीत, काकूंभोवती बाया बसल्यात, तिथं बोलता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

लोक विचारतात, हे आबा तुमचे कोण लागत होते? काय सांगू? गावातला एक शेतकरी आणि शहरातून येणारी जिल्हा परिषदेची शिक्षिका. नऊ वर्षांची ओळख, आणि त्यातला बराचसा काळ आपण भांडण्यात घालवला.

पहिलं भांडण आठवतं ना? मी नुकतीच बदली होऊन आले होते. मधल्या सुट्टीत पोरांना तुमच्या विहिरीच्या गप्पा मारताना ऐकलं. मला पोहता येत नाही, पाण्याची लहानपणापासून धास्ती. दुसऱ्याच दिवशी मी घरोघर चिठ्ठ्या पाठवल्या, मुलांना विहिरीवर पाठवू नये म्हणून. त्यातली एक चिठ्ठी घेऊन तुम्ही शाळेत आलात. चपला वर्गाबाहेर काढल्या, टोपी नीट केली आणि चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, ही तुमची का?"

"हो."

"चांगलं लिव्हलंय. पण लेकरं जाणारच. मग?"

"धाकात ठेवलं तर नाही जाणार."

"धाकातलं लेकरू चोरून जातं, बाई. शिकलेलं सांगून जातं. आता कोणतं बुडंल, तुम्हीच सांगा."

मला राग आला. "हे लेकरांच्या जिवाचं आहे, आबा. बोलण्यात जिंकायचं काम नाही हे." तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "जिवाचंच हाय. येत्या रविवारी या. बगा. मग चिठ्ठी ठेवायची का फाडायची ते ठरवू."

मी आले. कठड्यापासून लांब उभी राहून बघितलं. तुम्ही शेवटच्या पायरीवर छातीभर पाण्यात उभे होता, पोराच्या कमरेला दोर, दोराचं टोक तुमच्या हाताला. घाई नाही, ओरडणं नाही. घाबरलेल्या पोराला तुम्ही नुसतं पाण्यात धरून उभे राहायचा, त्याचा श्वास जाग्यावर येईपर्यंत. दोन तास मी बघत राहिले. निघताना एवढंच विचारलं, "सगळे मुलगेच आहेत. मुली बुडत नाहीत का, आबा?"

तुम्ही दोर गुंडाळत होता. गुंडाळून खांद्यावर टाकलात. मग म्हणालात, "बुडतात. पाण्यावर त्याच जास्ती जातात. धुणं त्यांचं, पाणी आणायचं त्यांचं." आणि पुढच्या आठवड्यात परत शाळेत आलात. "पोरींना पाठवा. पण तुम्ही तिथं पाहिजे. नुसत्या माझ्या भरवशावर कोण पोरी सोडंल?"

असे माझे रविवार तुमच्या विहिरीला बांधले गेले. काकूंनी गोठ्यामागं जुन्या साड्या बांधून पोरींना कपडे बदलायला आडोसा केला. पहिल्या पोरी बुद्धविहाराजवळच्या वस्तीतल्या आल्या, कारण तिथं मी घरोघर गेले होते. माझ्याच समाजाची माणसं, माझा शब्द मानायची. त्या पोरी आपल्या विहिरीत उतरणार म्हणून तुमची भावकी कुरकुरली. तुम्ही त्यांना म्हणालात, "तुम्हाला चालत नसंल तर तुम्ही नका उतरू." हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही. कितीतरी दिवसांनी काकूंकडून कळलं.

चार वर्षांनी त्या पोरींत दीक्षा आली. चौथीतली. वडील शेंद्र्याच्या कंपनीत पाळीनं जायचे, आई रोजानं कामाला. घरी धाकटी साक्षी, तेव्हा बालवाडीत. दीक्षाच्या आईला पटत नव्हतं. "मॅडम, पाण्याचं नको वाटतं," ती म्हणाली. मी तिचा हात धरून म्हणाले, "ताई, मी आहे ना तिथं."

सातव्या रविवारी दीक्षानं कॅन सोडला. इतर पोरींना दोन-दोन महिने लागले. ती विहिरीत एका कपारीपासून दुसऱ्या कपारीपर्यंत सळसळत जायची आणि वर बघून विचारायची, "मॅडम, बघितलं का?" मी कठड्यापासून लांब असल्यामुळं मला अर्धंच दिसायचं, पण मी हो म्हणायचे. तुम्ही म्हणायचा, "बाई, ही मासोळी हाय. हिला पाण्याचं भ्या नाय."

ती पाचवीत गेली त्या वर्षीचा ऑक्टोबर. शनिवार, सकाळची शाळा. शाळा सुटल्यावर दोघी बहिणी आईची भाकरी घेऊन शेतावर गेल्या. आई कापूस वेचत होती. वाटेत एक शेततळं लागतं. मोसंबीच्या बागेसाठी खणलेलं, मोठं, खोल, चारी बाजूंच्या कडा उतरत्या आणि त्यावर जाड काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. कुंपण नाही, काही नाही. साक्षी बाटली भरायला वाकली आणि तिची चप्पल कागदावरून घसरत पाण्यात गेली. दीक्षानं तिला मागं ओढलं, लांब उभी राहा म्हणाली आणि चप्पल काढायला स्वतः उतरली. पाय घसरला.

साक्षी पळत आईकडं गेली. दोन शेतं ओलांडून बाया पळत आल्या तोवर पाणी शांत झालं होतं.

मी शहरात पोचले होते, फोन आल्यावर तशीच गाडी वळवली. मी आले तेव्हा तिला काठावर ठेवलं होतं. साक्षी एका बाईच्या कडेवर होती. मला बघून ती एकसारखी तेच सांगत राहिली. "मॅडम, ती बुडत नव्हती. ती पोहत होती. लई वेळ पोहत होती. कडंला यायची, हात लावायची, परत खाली जायची."

तुम्ही अनवाणी पळत आला होता. पायाला काटे, चिखल. माझ्यासमोर येऊन उभे राहिलात, काही बोलणार होता. मी तुम्हाला बोलू दिलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही तिला पोहायला शिकवलं नसतं तर ती त्या कडेवर उतरलीच नसती."

आजूबाजूला माणसं होती. त्यांनी ऐकलं की नाही ठाऊक नाही. तुम्ही ऐकलंत. टोपी काढून हातात घेतलीत आणि तसेच उभे राहिलात, मी गाडी चालू करून निघून जाईपर्यंत.

त्या रविवारपासून विहीर बंद झाली. मी गेले नाही, तुम्हीही कुणाला बोलावलं नाही. वर्गात दीक्षाच्या जागेवर कुणी बसेना. मी फळ्यावर पाण्याविषयी एक अक्षर लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनी तुम्ही शाळेच्या फाटकाशी दिसलात. आत आला नाहीत. "बाई, जरा येता का?" मी बाहेर आले तर तुमच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं उललेली, त्यावर हळद लावलेली.

"काय झालं हाताला?"

"काल त्या तळ्यात उतरलो होतो."

"कशाला?"

"बघायला. मासोळी होती ती. का नाय निघाली भाईर, ते कळंना मला. झोपच लागंना. पुतण्याला वर उभा केला, कमरंला दोर बांधला आन् उतरलो." तुम्ही हात मागं घेतलात. "मला नाय येता आलं वर, बाई."

मी फाटक ओढून घेतलं.

"पन्नास वर्षं पोहतोय मी. इहिरीला पायरी असती, कपार असती, हाताला काहीतरी गावतं. तिथं काहीच नाय. नुसता कागद, आन् पाण्याखाली त्यावर शेवाळ. इतभर चढायचं आन् हातभर घसरायचं. दम संपला माझा. पुतण्यानं ओढलं तवा निघालो." मग खाली बघत म्हणालात, "मी तिला पाण्यात कसं ऱ्हायचं ते शिकवलं. भाईर कसं यायचं ते शिकवलंच नाय. मलाच ठाव नव्हतं."

तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं, आबा. मी नुसतं विचारलं, "मग आता?"

तुम्ही खांद्यावरची पिशवी उघडून दाखवलीत. आत जाड दोर होता, हातभर अंतरावर गाठी मारलेला.

पुढची चार वर्षं आपण त्या दोरासाठी फिरलो. माझी स्कूटी, मागं तुम्ही, तुमच्या मांडीवर दोराचं वेटोळं आणि हातात लोखंडी पहार. तळ्याच्या वर, पक्क्या जमिनीत खुंटी ठोकायची, गाठींचा दोर पाण्याच्या तळापर्यंत सोडायचा, तसा चारी बाजूंना. माणूस कुठल्याही बाजूला घसरला तरी हाताला गाठ लागली पाहिजे. एका काठीला रिकामा कॅन आणि लांब दोरी बांधून ठेवायची, काठावरच्या माणसानं फेकायला. जमेल तिथं जाळीचं कुंपण. एवढंच काम, पण माणसं एवढ्यावर ऐकतात कुठं! एक म्हणाला, दोरानं कागद फाटेल. तुम्ही दुसऱ्या दिवशी जुन्या सायकलचे टायर घेऊन गेलात आणि दोराखाली घातलेत. दुसरा म्हणाला, आमच्या तळ्यावर लेकरं येतच नाहीत. तुम्ही काठावरच्या चिखलात उमटलेली पावलं त्याला दाखवलीत, एवढीएवढीशी. करमाडच्या अलीकडं एका बागाईतदारानं तर फाटकातच अडवलं.

"आमच्या तळ्याला काय झालंय?"

"काय झालं नाय," तुम्ही म्हणालात, "म्हणूनच आलो."

त्यानं तरी आत घेतलं नाही. परत येताना मी रस्ताभर चिडचिड करत होते, तक्रार करू, अर्ज देऊ म्हणत होते. तुम्ही मागून म्हणालात, "बाई, गाडी नीट चालवा." पुढच्या महिन्यात आपण परत त्याच्याकडं गेलो. त्याच्या पुढच्या महिन्यातही. चौथ्यांदा त्याच्या सुनेनं फाटक उघडलं.

आणि ती ग्रामसभा. मी कागद तयार करून आणले होते, कुंपण सक्तीचं करा, ठराव घ्या. माणसं जांभया देत होती. तुम्ही मधेच उठलात आणि शाळेच्या मैदानाकडच्या उतारावर गेलात. तिथं तुम्ही आधीच शेततळ्याच्या कागदाचा एक तुकडा अंथरून ठेवला होता. त्यावर साबणाचं पाणी ओतलंत. "ज्याला वाटतंय आपण चढून येऊ, त्यानं यावं," म्हणालात. तरणी पोरं शर्टाच्या बाह्या वर करून पुढं आली. एकेक जण चढतोय, घसरतोय, पालथा पडतोय. सगळं मैदान हसायला लागलं. सरपंचसुद्धा हसत होते.

मागं भिंतीशी दीक्षाची आई उभी होती. ती आलीय हे मला माहीत नव्हतं. ती सावकाश पुढं आली, उताराच्या टोकाशी थांबली आणि म्हणाली, "अजून थोडं पाणी टाका, आबा. तिथं शेवाळ असतंय."

हसणं थांबलं. कागदावर पडलेला पोरगा तसाच पडून राहिला. तुम्ही बादली उचललीत, पण तुमच्या हातून ओतवेना. तिनंच ती घेतली आणि ओतली. त्या दिवशी ठराव झाला. एकानंही हात खाली ठेवला नाही.

तुम्हाला मी एकदाच मोठ्यानं रडताना बघितलं. दीक्षाच्या वेळी नाही. दोन वर्षांपूर्वी, त्या बागाईतदाराचा फोन आला तेव्हा. त्याच्या मोसंबीच्या तोडणीला आलेल्या मजुरांची सात वर्षांची लेक तळ्यात घसरली होती. आसपास कुणी नव्हतं. दोराच्या गाठी धरून ती आपली आपण वर आली आणि ओल्या कपड्यांनी आईपाशी जाऊन उभी राहिली. "आबा, तुमचा दोर कामाला आला," तो फोनवर सांगत होता. आपण तेव्हा रस्त्यात होतो. मी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही खाली उतरलात, बांधावर बसलात आणि उपरण्यात तोंड घालून रडलात. "एवढंच पाहिजे होतं," म्हणत होता. "एवढासा दोर, बाई. एवढाच."

मी तुमच्या शेजारी बसले. तेव्हाही बोलले नाही.

विहीर परत सुरू करा, असं मी दोन वर्षं तुमच्या मागं लागले होते, तुम्ही नाही म्हणायचा. मी पूर्वी तुमच्याशी ज्यावरून भांडले तेच आता तुमच्या तोंडून ऐकत होते. "नको बाई. पोहायला आलं की भ्या जातं." आणि मी तुमचं जुनं वाक्य तुम्हाला ऐकवायचे, की धाकातलं लेकरू चोरून जातं. आपण दोघांनी बाजू बदलल्या होत्या. शेवटी साक्षी आली. आठ वर्षांची, एकटी, हातात स्वतःच घरून आणलेला तेलाचा कॅन. "आबा, मला शिकवा." तुम्ही तिला म्हणालात, आईला इचारलं का? तर मागं बांधावर आई उभीच होती.

तुम्ही शिकवलंत, पण आता वेगळं. पहिले तीन रविवार कुणालाच पाण्यात घेतलं नाही. मैदानात बसवून शिकवलंत. कुणी बुडत असंल तर उडी मारायची नाय, कितीबी जवळचं असलं तरी नाय. आधी वरडायचं. मग पालथं झोपून काठी फुडं करायची, ओढणी फेकायची, कॅन फेकायचा. कॅनमध्ये घोटभर पाणी ठेवायचं म्हणजे तो लांब जातो, नुसता रिकामा वाऱ्यानं मागं येतो. लेकरं धुरळ्यात पालथी पडून एकमेकांना ओढणीनं ओढायची. बघणाऱ्यांना खेळ वाटायचा. साक्षी कधीच हसायची नाही. ती प्रत्येक वेळी खरंच कुणाला तरी ओढत असायची.

एक भांडण मात्र राहून गेलं. शेवटच्या रविवारचं. मी घरभेटींना जाते तेव्हा पाण्याचे ड्रम, हौद, बादल्या बघते, झाकणं ठेवा म्हणते, याचं तुम्हाला हसू यायचं. "बाई, बादलीत काय बुडतंय?" मी सांगत होते की रांगतं लेकरू डोक्यानं जड असतं, वाकलं की आत जातं, त्याला परत वर येता येत नाही. तुम्ही म्हणालात, "बुडणारं लेकरू वरडतं. आईला ऐकू येतं." मी म्हणाले, नाही आबा, ओरडत नाही. तोंडच पाण्यात असतं, आवाज कुठून येणार? सगळी घरात असतात, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. तुम्ही मान हलवत होता, पटलं नव्हतं तुम्हाला. काकूंनी चहा आणला, तुम्ही म्हणालात, "बरं, फुडच्या रविवारी बोलू."

आता तुम्हाला जे सांगायचं ते सांगते.

त्या तळ्याच्या काठावर मी तुम्हाला जे बोलले ते खोटं होतं. मुलींना शिकवा असं तुम्हाला मी म्हणाले होते. दीक्षाच्या घरी मी गेले होते. तिच्या आईचा हात धरून "मी आहे ना" असं मी म्हणाले होते. शनिवारी दुपारी मी तिथं नव्हते, शहराच्या रस्त्यावर होते, घरी जाऊन काय स्वयंपाक करायचा याचा विचार करत होते. तळ्याच्या काठावर मला ते सगळं एकदम दिसलं आणि उभं राहवेना. समोर तुम्ही होता. माझ्या अंगावरचं मी तुमच्यावर टाकलं. मला माहीत होतं, तुम्ही ते खाली ठेवणार नाही. आणि तुम्ही ठेवलं नाहीत. चार वर्षं माझ्या मागं गाडीवर बसून फिरलात, आणि मी एकदाही मागं वळून म्हणाले नाही की आबा, तो शब्द परत घेते. कितीदा ओठांवर आलं. वाटायचं, आता आठवण कशाला काढायची, त्यांनी विसरलं असेल. ते माझ्या सोयीचं होतं.

परवा काकूंपाशी बोलले. सगळं सांगितलं, काय बोलले ते शब्दन् शब्द. वाटलं, तुम्ही त्यांना कधी तरी सांगितलं असेल, त्या मला रागावतील तर बरं वाटेल. "मला तर काहीच बोलले नाहीत," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आले, भितीला टेकून बसले. म्हणाले, बाई एकली गाडीवर गेली, हात कापत होते तिचे. पोचली का, जरा फोन लावून इचार. मी लावला होता, बाई. तुम्ही उचलला नाय."

मला आठवतंय तो फोन. नाव बघून मी उचलला नव्हता.

आबा, तुमच्याबरोबर मी काय काय शिकले ते लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. अजून पाच तळी राहिलीत. दोर तुमच्या ओसरीवर आहे, गाठी मारून ठेवलेला. मला पहार मारता येत नाही, पण तुमचा पुतण्या येतो म्हणालाय. विहिरीचं काय करायचं ते कळत नाही. मला पोहता येत नाही आणि संतोषची नोकरी लांब वाळूजला आहे. लेकरं रस्त्यात भेटली की विचारतात.

आता शेवटचं, पैठणचं. तुम्हाला ते कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते.

सावडल्यानंतर अस्थी घेऊन सगळे गोदावरीवर गेलो. दोन जीप भरून माणसं. मला बोलावलं नव्हतं असं नाही, पण आपण परके म्हणून मी मागं मागं होते. संतोष कमरेभर पाण्यात उतरला, हातात तांब्याचा कलश. गुरुजी काहीतरी म्हणत होते. बाया घाटाच्या पायऱ्यांवर रडत होत्या, पुरुष मोबाईल वर धरून उभे होते, वाळूजहून आलेल्या तुमच्या सुनेला हुंदके आवरत नव्हते. काकूंना दोघींनी दोन्हीकडून धरलं होतं. सगळ्यांचे डोळे कलशाकडं.

मी मात्र लेकरांकडं बघितलं. सवय लागलीय. तुमची नात, संतोषची चार वर्षांची, एकेक पायरी बसत बसत उतरत होती. तिच्यामागं पुतण्याची दोन लेकरं. नातीच्या पायाला पाणी लागलं होतं, खालची पायरी हिरवी झालेली. आवाज नाही, काही नाही. तिच्यापासून हातभर अंतरावर तीन मोठी माणसं उभी होती.

मी ओरडले. घाटावर, तसल्या वेळी, मी ओरडले. "लेकरांकडं कोण बघतंय?"

गुरुजी थांबले. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरा बघतोय. तुमच्या सुनेनं झेप घालून नातीला उचललं.

तेव्हा काकूंनी दोन्हीकडचे हात सोडवले. पदर खोचला, तिन्ही लेकरांना हाताला धरून पायऱ्या चढून वरच्या कट्ट्यावर नेलं. कुणीतरी म्हणालं, "अहो, तुम्ही तिथं काय करता? शेवटचं दर्शन घ्या ना." काकू म्हणाल्या, "तुम्ही करा त्यांचं. लेकरांपाशी मी बसते." आणि नदीकडं पाठ करून बसल्या, लेकरं समोर. मी जाऊन शेजारी बसले. नात काकूंच्या बांगड्या फिरवत होती. मागं गुरुजींचा आवाज परत सुरू झाला, मग बायांचं रडणं वाढलं, त्यावरून आम्हाला कळलं.

तुमच्या अस्थी पाण्यात सोडल्या तेव्हा, आबा, आम्ही दोघींनी बघितलं नाही. आम्ही लेकरांकडं बघत होतो.